जुन्या मोटारीचा ‘सेल्फ’ बदलताना

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी आठवणींचे रकाने भरले. बाजाराच्या दृष्टीने मात्र त्या तारखेचा अर्थ वेगळा आहे. जोवर हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांचे सुटे भाग बनवणे, साठवणे आणि विकणे परवडत होते. आता या गाड्या उरल्या त्या हौशी मालकांकडे, सिनेमाच्या शूटिंगला गाड्या पुरवणाऱ्यांकडे आणि काही जुन्या पेढ्यांच्या वाड्यांत. खप कमी झाला म्हणून नवा माल कमी झाला, आणि नवा माल कमी झाला म्हणून नकली माल वाढला. या गाड्यांचा जो भाग सर्वांत जास्त बदलला जातो आणि ज्यात गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसते तो म्हणजे इंजिन चालू करणारा स्टार्टर. आपल्या गॅरेजच्या भाषेत ‘सेल्फ’.

आमचा धंदा कापडाचा. पण पेढीची १९७१ सालची फियाट आजही आम्ही सांभाळून आहोत, आणि तिच्या निमित्ताने कुर्ल्याचे भंगारवाले, साकीनाक्याचे लेथवाले, ऑपेरा हाउसचे मोटारपार्टवाले व वाइंडिंगचे कारीगर यांच्याकडे इतक्या खेपा झाल्या की हा तजुर्बा वाचकांपुढे ठेवावासा वाटला. या कामात आपले पुष्कळ लोक आहेत. कोणी माल विकतात, कोणी आर्मेचर भरतात, कोणी गाड्या दुरुस्त करतात. त्यांना यातल्या काही गोष्टी आमच्यापेक्षा चांगल्या ठाऊक असतील. पण त्यांच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या ठाऊक नसतात, आणि भांडण तिथेच होते.

आपल्या उपनगरांचा या गाड्यांशी संबंध जुना आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला लाल बहादूर शास्त्री मार्गावर होता. फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती पद्मिनी तिथेच बनत असे. जीप बनवणाऱ्या महिंद्रांचा कारखाना कांदिवलीला. ही कंपनी १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली होती; त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. तिसरी गाडी अँबॅसिडर. ती बंगालमधल्या उत्तरपाड्याची, मे २०१४ पर्यंत बनत होती. मुंबई परिसरात सेल्फसाठी येणाऱ्या जुन्या गाड्यांत या तीनच जास्त. यातली फियाट मूळची इटालियन, जीप अमेरिकन आणि अँबॅसिडर इंग्रज. सुटे भाग निवडताना हे कुळ विसरून चालत नाही. का, ते पुढे येईल.

आधी दोष कुठे ते पाहा

सेल्फ घेत नाही म्हणून सेल्फच खराब, असा निकाल घाईने देऊ नये. आमच्या अनुभवात बदलायला आणलेल्या कितीतरी सेल्फ मोटारी चांगल्या असतात. दोष बॅटरीत, टर्मिनलवर किंवा अर्थिंगच्या पट्टीत असतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे त्याला चासीशी जोडणारी जाड विणलेली पट्टी हवी. दोन-चार पावसाळ्यांत ती आतून हिरवी पडते, बाहेरून धड दिसते. सेल्फला एका वेळी शंभर-दोनशे अँपिअर करंट लागतो. गंजलेल्या पट्टीतून तो जात नाही.

साधा व्होल्टमीटर शंभर रुपयांपासून मिळतो. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारत असताना ती साडेनऊच्या खाली गेली तर आधी बॅटरी तपासा. बॅटरी ठीक असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या अर्थ टोकाला आणि दुसरी सेल्फच्या अंगाला लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब. असाच हिशेब जिवंत केबलचाही करावा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्यात काही हजार रुपये वाचू शकतात.

आवाजावरूनही पुष्कळ कळते. नुसता ‘टक’ असा आवाज येऊन काहीच होत नसेल तर बॅटरी कमी आहे किंवा सोलेनॉइडचे पॉइंट जळाले आहेत. मोटार भर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स अडकला आहे किंवा क्लच घसरतो आहे. करकर आवाज आला तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले. इंजिन मंद फिरत असेल आणि बॅटरी-केबल चांगली असेल तर बुश झिजून आर्मेचर आतल्या पोलवर घासत असण्याची शक्यता मोठी. या शेवटच्या दोषात नवे कार्बन घालून काही उपयोग होत नाही, तरी सर्रास घातले जातात.

दात मोजल्याशिवाय बेंडिक्स घेऊ नका

जुन्या गाड्यांत दोन जातीचे सेल्फ असतात. एका जातीत मोटार फिरू लागली की तिच्या झटक्यानेच पिनियन आट्यांवरून सरकून रिंगमध्ये शिरते. याला आपण बेंडिक्स म्हणतो. जुन्या अँबॅसिडरचा लुकास सेल्फ आणि विलीज जीपचा सेल्फ याच जातीचा. युद्धकाळातल्या जीपमध्ये तर पायाने दाबायचे बटण होते. दुसऱ्या जातीत सोलेनॉइड आधी पिनियन ढकलतो आणि मग मोटारीला करंट देतो. नंतरच्या बहुतेक गाड्यांत हीच पद्धत आली. दोन्हींचे सुटे भाग एकमेकांना लागत नाहीत. दुकानात गेल्यावर नुसते “फियाटचा सेल्फ द्या” असे म्हणणे म्हणजे आमच्या दुकानात येऊन “शर्टाचे कापड द्या” म्हणण्यासारखे आहे.

पिनियन घेताना दात मोजा, आणि रिंगचेही दात मोजा. जीपचे उदाहरण घ्या. विलीज घराण्याच्या जीपमध्ये ९७, १२४ आणि १२९ दातांच्या अशा तीन रिंगा आढळतात. गाडी पाहून फरक कळत नाही, आणि ऐंशी वर्षांत इंजिने व फ्लायव्हील अनेकदा अदलाबदल झालेली असतात. म्हणून गाडीचे मॉडेल सांगून आलेला बेंडिक्स तिला लागेलच असे नाही. रिंगच्या एका दाताला खडूने खूण करून हँडलने इंजिन फिरवत मोजावे.

आता कुळाची गोष्ट. इटालियन गाड्यांचे दात मेट्रिक मापाचे, त्याला मॉड्यूल म्हणतात. इंग्रज आणि अमेरिकन गाड्यांत इंचाचे माप, त्याला डायमेट्रल पिच. १० पिचचा दात म्हणजे २.५४ मॉड्यूल. बाजारात २.५ मॉड्यूलचा पिनियन मिळतो. दोन्ही हातात घेतले तर डोळ्यांना सारखेच दिसतात. दहा दातांच्या पिनियनच्या बाहेरच्या व्यासात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. बसतोही. पण दात दातावर नीट बसत नाही, कडेवर घासतो, आणि काही महिन्यांत स्वस्त पिनियनने महाग रिंग खाल्लेली असते. म्हणून जुना पिनियन बरोबर न्यावा आणि नवा-जुना व्हर्नियरने मापून पाहावा. सेल्फच्या दातांचा आकार पुष्कळदा मुद्दाम थोडा बदललेला असतो. त्यामुळे पुस्तकी सूत्रावर विसंबण्यापेक्षा जुन्याशी ताडून पाहणे बरे.

रिंगचे दात गेले असतील तर आणखी एक गंमत पाहायला मिळते. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोनच ठिकाणी थांबते. त्यामुळे रिंग समोरासमोरच्या दोन जागी झिजते आणि बाकीचे दात नव्यासारखे राहतात. कुशल कारीगर रिंग तापवून, काढून, थोडी फिरवून पुन्हा बसवतो, की ताजे दात त्या जागी येतात. नवी रिंग न मिळणाऱ्या गाडीला हा उत्तम इलाज. रिंग तापवताना सव्वादोनशे अंशांच्या आसपास थांबावे लागते. लालबुंद केली की दातांचे पाणी उतरते, आणि मग ती रिंग लोण्यासारखी झिजते. कारीगराला आधी विचारा, “किती तापवणार?” उत्तरावरून माणूस कळतो.

दिशा, व्होल्ट आणि अर्थ

काही सेल्फ इंजिनच्या बाजूने बसतात, काही गिअरबॉक्सच्या बाजूने. त्याप्रमाणे फिरण्याची दिशा उलटी होते. पिनियनच्या तोंडाकडून पाहून दिशा ठरवायची असते. दिशा चुकलेला सेल्फ विकून एक दुकानदार आमच्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, “बॅटरीच्या तारा उलट्या जोडा, सरळ फिरेल.” हे चूक आहे. जुन्या सेल्फमध्ये चुंबक नसतो, फील्ड कॉइल असते, आणि ती आर्मेचरशी एका ओळीत जोडलेली असते. तारा उलट्या केल्या की दोन्हींतला करंट एकदमच उलटतो आणि मोटार त्याच दिशेने फिरत राहते. दिशा बदलायची तर आतली जोडणी बदलावी लागते, आणि बेंडिक्सचे आटेही त्या दिशेचे हवेत.

याच कारणाने ज्या जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते त्यांना जुना फील्ड कॉइलचा सेल्फ बिनदिक्कत चालतो. पण हल्ली कायम चुंबकाचे, गिअर असलेले छोटे सेल्फ बाजारात आले आहेत. वजनाला हलके, करंट कमी खातात, इंजिन झपाट्याने फिरवतात. रोज गाडी चालवणाऱ्याला ते सोयीचे आहेत, आमचा त्यांना विरोध नाही. मात्र धन टोक चासीला असलेल्या गाडीत ते उलटे फिरतील. विकणाऱ्याने हे विचारलेच पाहिजे आणि घेणाऱ्याने सांगितलेच पाहिजे.

सहा व्होल्टच्या गाड्यांची वेगळीच कथा. एक हजार वॉटचा जोर बारा व्होल्टवर ८३ अँपिअरमध्ये मिळतो, सहा व्होल्टवर १६७ अँपिअर लागतात. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीला केबल जाड हवी, निदान ५० चौरस मिलिमीटर तांबे. पुष्कळ मालक बारा व्होल्टची केबल लावतात, गाडी कण्हत फिरते, आणि दोष सेल्फवर येतो. काही जण सहा व्होल्टच्या सेल्फला बारा व्होल्टची बॅटरी जोडतात. फिरतो, जोरात फिरतो. पण पिनियन रिंगवर हातोड्यासारखा आदळतो. थोडा वेळ सेल्फ मारणाऱ्याचे निभावते, दीर्घ वेळ मारणाऱ्याचे आर्मेचर जळते.

कार्बन, बुश आणि भरलेले आर्मेचर

लहान भागांत फसवणूक जास्त, कारण किंमत कमी म्हणून कोणी पाहत नाही. सेल्फच्या कार्बनमध्ये तांब्याची भुकटी असते, म्हणून तो तांबूस दिसतो आणि हाताला जड लागतो. डायनमोचा कार्बन काळा व हलका असतो. मापाने बसतो म्हणून डायनमोचा कार्बन सेल्फमध्ये घालणारे महाभाग आहेत. त्यातून लागेल तेवढा करंट जात नाही. कार्बन घासून बसवायचा तर काचपेपर वापरावा. एमरी पेपरचे कण कम्युटेटरमध्ये रुतून बसतात. आणि डायनमोच्या कम्युटेटरमधला अभ्रक खाली कापतात तसा सेल्फचा कापू नये. लुकासच्या दुरुस्तीपुस्तिकांत हे स्पष्ट सांगितलेले असे, तरी सवयीने कापला जातो.

बुश सच्छिद्र काशाचा असतो. बसवण्याआधी तो चोवीस तास पातळ इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवावा, आणि बसवल्यावर रीमर मारू नये, कारण त्याने छिद्रे बुजतात आणि तेल पाझरत नाही. लेथवर साध्या पितळेचा बुश करून देणारे पुष्कळ. त्याने गाडी चालते, पण वर्षभराने पुन्हा तेच काम निघते. बेंडिक्सचे उलट आहे. त्याच्या आट्यांना ग्रीस लावू नये. ग्रीसवर धूळ चिकटते आणि पिनियन अडकतो. रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊन, पुसून, फार तर अगदी हलक्या तेलाचा हात फिरवावा.

फील्ड कॉइल भरून घेताना आमच्या धंद्याचा संबंध येतो. ही कॉइल तांब्याच्या चपट्या पट्टीची असते. तिच्यावर सुती फीत गुंडाळून, वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवतात. सूत वॉर्निश पिते आणि सगळे मिळून एक दगड होतो. आता काही ठिकाणी प्लास्टिकची चिकटपट्टी गुंडाळून देतात. ती वॉर्निश पीत नाही, उष्णतेने मऊ होऊन सरकते आणि कॉइल अंगाला लागते. फितीचा एक धागा काढून जाळून पाहावा. सूत असेल तर कागदासारखा वास येऊन राख पडेल. कृत्रिम असेल तर वितळून मणी बनेल. कापडाचा हर एक दलाल ही परीक्षा जाणतो, मोटारवाल्यांनीही शिकून घ्यावी. पट्टी तांब्याचीच आहे ना, तेही कानसेने कोपरा घासून पाहावे. काही कंपन्यांनी स्वतः अ‍ॅल्युमिनियमची कॉइल वापरलेली आहे. पण तांब्याच्या जागी तेवढ्याच जाडीचे अ‍ॅल्युमिनियम घातले तर ते तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच करंट वाहते.

जुना सेल्फ भंगारातून घ्यायचा असेल तर तो दुकानात बॅटरी लावून फिरवून दाखवतील. रिकामा फिरतो म्हणजे इंजिनचे ओझे उचलेल असे नाही. वरची पट्टी काढून आत पाहा. कम्युटेटर जळून निळा पडला आहे का, आतल्या भिंतीवर राँगाचे शिंतोडे उडाले आहेत का. उडाले असतील तर ही मोटार कधीतरी फार तापलेली आहे आणि तिचे जोड सुटलेले आहेत. शाफ्ट हाताने वरखाली हलवून बुशचा ढिलेपणा पाहा. आर्मेचरवर घासल्याच्या चकाकत्या रेघा असतील तर भाव निम्मा करा किंवा सोडून द्या. वाइंडिंगवाल्याकडे ग्राउलर असतो, त्यावर आर्मेचर ठेवले की आतला शॉर्ट लगेच कळतो. विकणारा तपासू देत नसेल तर त्याचा अर्थ सांगायला नको.

खरे, नकली आणि बदली

सर्वांत चांगला माल म्हणजे त्या काळी बनलेला आणि न वापरलेला. तो आता मूठभर दुकानांच्या माळ्यावर निघतो. त्याचेही बुश कोरडे पडलेले आणि कार्बन चिकटलेले असतात, म्हणून उघडून साफ करूनच लावावा. त्यानंतर आमची पसंती आपल्याच जुन्या सेल्फला, नीट भरून आणि नवे बुश घालून घेतलेल्या. नव्या अनोळखी डब्यातल्या मालाचा नंबर त्याच्याही मागे.

इथे एक इशारा. पुष्कळ दुकानांत जुना सेल्फ घेऊन त्या बदल्यात तयार बनवलेला देतात. काम पाच मिनिटांत होते, म्हणून मालक खुश होतो. पण आपल्या गाडीचा मूळ सेल्फ, ज्याच्या अंगावर कंपनीचा नंबर आणि तारीख ठोकलेली आहे, तो असा देऊन टाकू नये. लुकासच्या मोटारीवर मॉडेल, नंबर व तारीख तिन्ही असतात. ज्या गाडीची तारीख आणि सेल्फची तारीख जुळते तिची किंमत जाणकार वेगळी करतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी दिली. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात, नव्या नोंदणीला वीस हजार आणि पुनर्नोंदणीला पाच हजार रुपये फी आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी; चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. सेल्फचे नाव त्यात नाही, पण गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा बॉनेट उघडून पाहतोच.

विकणाऱ्या बंधूंनाही सांगायचे आहे. नामांकित कंपनीच्या डब्यात भलताच माल घालून विकणे हा १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. बनवणाऱ्याइतकाच विकणाराही यात येतो, आणि धाड पडते ती दुकानावर. डबे छापणारा तिथे सापडत नाही. बिनानावाचा माल बिनानावाचाच म्हणून विकावा, त्यात काही कमीपणा नाही. त्याला गिऱ्हाईक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला आहे, तेव्हा पक्के बिल न देण्याची जुनी सबबही राहिली नाही.

वाइंडिंगच्या कारीगरांनी एक गोष्ट करावी. ज्या सेल्फचे काम हातात येईल त्याचा नंबर, पट्टीची जाडी, वेढे, बुशचे माप आणि पिनियनचे दात एका वहीत लिहून ठेवावेत. ही मापे उस्तादाच्या डोक्यात असतात आणि शागीर्द आता मोबाइल दुरुस्तीकडे वळला आहे. नवा माल येणे जसजसे थांबेल तसतशी त्या वहीची किंमत वाढेल. आमच्या फियाटच्या सेल्फची मापे आम्ही वाइंडिंगवाल्याकडून लिहून घेऊन गाडीच्या कागदपत्रांतच ठेवली आहेत.